सर्किट नको, कायमचं खंडपीठ हवं

संपादक महोदय,

आबा गेल्यावर त्यांची निळी रेक्झिनची पिशवी उघडली, तर केसच्या कागदांपेक्षा महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटंच जास्त निघाली. टाचणीनं एकत्र टोचून ठेवलेली. वीस गुंठ्यांच्या वाटणीचा दावा. खालच्या दोन कोर्टांचे निकाल झाले आणि सेकंड अपील मुंबईला हायकोर्टात गेलं. रात्री गाडीत बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून फोर्टात चालत जायचं. केस त्या दिवसाच्या बोर्डावर, म्हणजे यादीत, असूनही नंबर लागला नाही की रात्री तीच गाडी धरून परत. 2019 मध्ये आबा वारले आणि वारस म्हणून माझं नाव लागलं.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे कायमचं नसलेलं खंडपीठ, सुरू झालं आणि आमची फाईलही इकडे आली. गेल्या तारखेला मी सकाळची धार काढली, वडापच्या गाडीनं गंगावेशीत उतरले आणि तिथून सीपीआर दवाखान्यासमोर कोर्टात चालत गेले. संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर हजर होते. आबांच्या वाट्याला असा एक दिवससुद्धा आला नाही.

त्या दिवशी बाकावर शेजारी सांगोल्याच्या एक मावशी होत्या. लेकीच्या पोटगीचं प्रकरण. मुंबईला जायचं असतं तर आम्ही वरच्या कोर्टाचं नावच काढलं नसतं, असं त्या म्हणाल्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांत लांबच्या वाटेपायी घरातच मिटवून टाकलेली अशी किती भांडणं असतील! त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

हे बेंच कोल्हापुरात यावं यासाठी वकील मंडळी चार दशकांहून जास्त काळ लढली. त्यांचं काम बंद असलं की खाली कोर्टात आमच्याही तारखा पुढं जायच्या. आबा तेव्हा कुरकुरले नाहीत, उलट वकिलांच्या आंदोलनाच्या मंडपात जाऊन बसायचे.

आता माझी काळजी सांगते. आमच्या वकिलांनी मला कायदा समजावला. हे बेंच 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलम 51(3) खाली आहे. त्यात मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीनं मुंबईबाहेर न्यायमूर्ती बसवतात. कायमच्या खंडपीठाला कलम 51(2) खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादचं कामही ऑगस्ट 1981 मध्ये 51(3) खालीच सुरू झालं होतं. त्यावर वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 1982 मध्ये तिथं ते टिकलं आणि 1984 मध्ये खंडपीठ कायमचं झालं. तीन वर्षांत. मग कोल्हापूरला जास्त वाट का बघायला लावायची?

राज्य सरकारनं 51(2) चा प्रस्ताव हाती घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोल्हापुरातच शेंडा पार्कात होणाऱ्या बेंचच्या कायमच्या इमारतीचा आराखडा करताना सांगोला, दोडामार्ग, मंडणगडहून येणाऱ्या पक्षकारांसाठी रात्रीच्या मुक्कामाची एक स्वस्त, स्वच्छ खोली त्यात धरावी. बायकांसाठी वेगळी. आबा तारखेच्या आदल्या रात्री रेल्वेच्या डब्यात बसूनच झोपायचे.

ती तिकिटं मी अजून पिशवीतच ठेवली आहेत. पुढच्या तारखेलाही तीच पिशवी घेऊन जाणार आहे.

— एक पक्षकार, ता. करवीर, जि. कोल्हापूर