तठे तू काय खास?

बँकॉक, रविवार सकाळ

ती. आई, बाबा आणि आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर आजी दर वेळी एकच विचारते, "तठे तू काय खास व माय?" म्हणजे तिथं तू काय खातेस. आणि मी दर वेळी "भात खाते, भाजी खाते" म्हणून विषय बदलते. आज त्याचं खरं उत्तर लिहायला बसले आहे. फोनवर मला ते जमलं नसतं.

इथं आल्यावर पहिले दोन महिने मी शाळेजवळच्या एका गाडीवर हिरवी करी आणि भात खात होते. शाकाहाराला इथं 'मंगसविरत' म्हणतात. मूळ आपलाच शब्द, मांसविरती. तो मी पहिल्याच आठवड्यात पाठ केला होता. गाडीवरच्या बाई मान डोलवायच्या, वांगी आणि टोफू घातलेली वाटी हातात द्यायच्या, आणि मी निर्धास्त जेवायचे. मग एका शनिवारी वाटलं, रोज साठ बाट कशाला घालवायचे, करी घरीच करू. (एक बाट म्हणजे आपले साधारण अडीच-तीन रुपये.) बाजारातून तयार वाटणाचा गोळा आणला. शेजारच्या काकूंना, इथं त्यांना 'पा' म्हणतात, तो दाखवला. त्यांनी पिशवी उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "यात कपी आहे. तुला चालत नाही ना?"

कपी म्हणजे बारीक कोळंबी मिठात मुरवून, वाळवून, वाटून केलेला गोळा. आपल्याकडच्या सुकटीच्या जातीचा. इथल्या करीच्या बहुतेक वाटणांत तो असतोच, आणि वरून मिठाऐवजी 'नाम प्ला' म्हणजे माशांचं खारवलेलं पाणी घालतात. गाडीवरच्या बाईंनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या लेखी वाटीत मांसाचा तुकडा नाही म्हणजे झालं, वाटण हा नुसता मसाला. पण मी दोन महिने ते खाल्लं होतं, गळ्यात माळ असताना. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पा स्वतःच दगडी खल घेऊन आल्या. म्हणाल्या, वाटण आपण कुटलं की त्यात काय आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. तेव्हापासून एरवी मी बाहेरची करी खात नाही. दर रविवारी आठवड्याचं वाटण कुटते. आई, ही करी तुम्ही घरी करून बघा, तुम्हाला फार काही आणावं लागणार नाही. अर्ध्या वस्तू आपल्या परसातच आहेत.

मोरीच्या कडेचा गवती चहा बघ. आपण वरची पात कापून चहात टाकतो. इथं पात फेकतात आणि बुडखा वापरतात. एक ठोंब मुळापासून उपट, बाहेरची राठ सालं काढ, आत जो पांढरा-जांभळट कोवळा भाग निघतो तो तळापासून चार बोटं घे आणि जितका बारीक चिरता येईल तितका चीर. जाड राहिला तर जेवताना दातात धागे येतात. दोन-तीन काड्या पुरे. तसंच कोथिंबिरीचं मूळ. आपण जुडीची बुडं उकिरड्यावर टाकतो, इथं ती जपून ठेवतात, कारण पानापेक्षा मुळाला वास जास्त. चार-पाच मुळं घासून घासून धुवून घे, माती राहू देऊ नकोस. आल्याऐवजी इथं कुलंजन घालतात. ते अमळनेरला काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल, पण वाळलेलं, आणि वाळलेल्याला तो ओला तिखट वास नाही. त्यापेक्षा अर्धा इंच आलंच घाल. चव थोडी वेगळी येईल, वाईट येणार नाही.

आधी चमचाभर धणे, अर्धा चमचा जिरे आणि दहा-बारा दाणे पांढरी मिरी कोरडी भाजून कुटायची. मग चिमूटभर मीठ टाकून गवती चहा, आलं, कोथिंबिरीची मुळं आणि लिंबाची किसलेली हिरवी साल. साल किसताना आतलं पांढरं येऊ द्यायचं नाही, कडू होतं. मग दहा-बारा हिरव्या लवंगी मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर. सगळ्यात शेवटी लसणाच्या सहा पाकळ्या आणि दोन लहान कांदे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ओलं आधी गेलं की कडक वस्तू खलात घसरत राहतात, कुटल्या जात नाहीत. पा म्हणतात, बोटांत चोळल्यावर काय काय घातलं ते ओळखू येईनासं झालं की वाटण झालं. मला पाऊण तास लागतो. मिक्सरमध्ये पाच मिनिटांत होतं, पण पाणी घालावं लागतं आणि मग ते परतताना नीट भाजलं जात नाही. तुझ्याकडे पाटा-वरवंटा आहे, तो याच कामाचा आहे.

नारळाचं दूध इथं खोक्यात मिळतं. आपल्याकडे देवापुढे वाढवलेले आणि ओटीचे नारळ साठतात ना, त्यातला एक खोव. थोडं कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढ आणि फडक्यातून पिळ. पहिलं दाट दूध वेगळं ठेव, चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं पातळ दूध काढ. आता हे नीट वाच, यातच सगळी करी आहे. कढईत तेल घालायचं नाही. पातेल्यातल्या दाट दुधावर जी साय येते ती अर्धी वाटी कढईत घालून मध्यम आचेवर आटव. आधी ती फसफसते, मग दाट होते, मग कडेला तेलाचे थेंब सुटतात. तेल सुटलं की त्यातच वाटण घालून तीन-चार मिनिटं परत. तू शेवभाजीच्या मसाल्याला तेल सुटण्याची वाट बघतेस, अगदी तसंच. फरक एवढाच की तेल नारळाचं, आणि तो वास घरभर होतो. खोक्यातल्या दुधाला हे तेल लवकर सुटत नाही, म्हणून मी त्यात चमचाभर तेल घालते. तुला गरज पडणार नाही.

मग पातळ दूध, आणि उकळी आली की भाज्या. इथली वांगी लिंबाएवढी, गोल, हिरवी-पांढरी असतात. आपली भरताची हिरवी वांगी त्यांना जवळची आहेत. मोठ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात टाक, नाहीतर काळी पडतात. चवळीच्या कोवळ्या शेंगा इथंही घालतात. टोफू तिकडे मिळालं नाही तर मामांच्या चोपड्याच्या मळ्यातली कच्ची केळी घाल, सोलून, जाड चकत्या करून, सगळ्यात आधी. ही माझी भर आहे. नारळात शिजलेलं कच्चं केळं बटाट्यापेक्षा मऊ लागतं आणि रस पितं. मीठ, असेल तर चमचाभर सोया सॉस, आणि सुपारीएवढा गूळ. उरलेलं दाट दूध शेवटी, आणि त्यानंतर खळखळ उकळायचं नाही, रस फुटतो. कागदी लिंबाची चार कोवळी पानं मधली शीर काढून, चुरडून टाक. इथल्या जोडपानाच्या लिंबाचा वास त्यांना नाही, पण घातल्यावाचून राहू नकोस.

खाली उतरवताना मूठभर पानं घालतात, 'होरापा' नावाची. ती सब्ज्याच्या जातीची. उन्हाळ्यात सरबतात घालतो त्याच बिया कुंडीत पेरून बघ. वास तंतोतंत तोच येणार नाही, पण घराणं एक. इथं दुसरी एक पानं तिखट भाजीत घालतात, ती मात्र खरोखर आपली तुळस. पहिल्यांदा बाजारात तुळशीच्या जुड्या वांग्या-मिरच्यांच्या शेजारी बघितल्या तेव्हा मी तिथंच थांबून राहिले होते. त्या मी घेत नाही.

चार माणसांची करी मला शंभर बाटच्या आत पडते, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. मी दोनदा खाते आणि एक वाटी पांकडे जाते. बाबांना भाताऐवजी कळण्याच्या भाकरीबरोबर द्या. मी इथं ते पीठ संपल्यापासून याच एका गोष्टीची वाट बघते आहे.

आजीला आणखी एक सांगा. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमारास, इथं नऊ दिवस पुष्कळ लोक 'चे' पाळतात. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात, त्यांवर लाल अक्षरं असतात. ज्या गाडीवर तो झेंडा, तिथं कपीही नाही. कांदेनवमी झाल्यावर आजी चातुर्मासात जसं जेवते, तसं ते नऊ दिवस मी रस्त्यावर कुठंही उभी राहून जेवले. कांदा-लसणाशिवायचं वाटणही तेव्हाच शिकले. गवती चहा आणि धणे थोडे वाढवले की उणीव वाटत नाही. आजीसाठी करशील तेव्हा तेच कर. एकादशी सोडून.

आता शेवटचं, आणि हे आजीला वाचून दाखव, गाळू नकोस. ज्या दिवशी पांनी कपीचा वास ओळखला, त्या दिवशी मी माळ काढून देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवली. आजीनं ती अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या वाळवंटात माझ्या गळ्यात घातली होती, म्हणून ती परत घालायची की नाही हे मी स्वतःच ठरवू शकत नाही. आता आठ महिने झाले, 'चे'चे ते नऊ दिवस सोडले तर माझ्या खलात कुटल्याशिवायचं वाटण मी खाल्लेलं नाही. आजी जे सांगेल ते मी करेन. तिचं उत्तर तू पत्रातच लिही, फोनवर नको.

तुमची,
माई