नदीचं पाणी पाऊस सुरू झाल्यावर तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नदीचं पाणी तपासल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि आकडे बघून वाटतं की चला, बरं चाललंय. पण नमुना घेतला कधी हे कोणी विचारतच नाही! महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी बाटली बुडवली तर नदी बरीच दिसणार. खरी घाण येते पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या तासाभरात आणि नेमकं तेव्हा तिथे कोणी नसतं.

मी रोज पुलावरून जाते. बरेच दिवस कोरडे गेले आणि मोठी सर आली की खालच्या पाइपातून आधी काळपट पाणी येतं, त्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग, मग थोड्या वेळाने वासच बदलतो, सरळ संडासाचा वास, म्हणजे ड्रेनेज भरून नदीत वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी जाळीला वेट वाइप्स लटकलेले असतात, पाणी मात्र नेहमीसारखं.

रस्त्यावरचं पाणी म्हणजे नुसता चिखल नाही, त्यात टायरचं झिजलेलं रबर, झिंक, ब्रेकमधलं तांबं सगळं असतं. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला पाऊस पडला की ओढ्यातले कोहो सॅमन मासे मरायचे, कित्येक वर्षं कारण कळेना, शेवटी २०२० मध्ये सापडलं की टायर टिकावा म्हणून घालतात त्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन विष तयार होतं. नेहमीच्या टेस्टमध्ये ते दिसलंच नसतं.

बीओडीचा, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचा, रिपोर्ट यायला ३ ते ५ दिवस, ई-कोलाय या मैल्यातल्या जंतूच्या टेस्टला जवळपास एक दिवस, तोवर ते पाणी कुठच्या कुठे गेलेलं असतं. म्हणून पाइपच्या तोंडाशी ऑटोसॅम्पलर हवा, पाण्याची पातळी वाढली की आपोआप दर १०-१५ मिनिटांनी बाटली भरणारा, आणि नदीत पाइपच्या वर नि खाली ऑक्सिजन, अमोनिया, गढूळपणा मोजणारे सेन्सर. अमोनिया एकदम चढला तर मैला आला असं समजायला जागा आहे, कॅफिन सापडलं तर शंका आणखी पक्की होते, ते मुख्यतः माणसांच्या सांडपाण्यातून येतं. आणि सेन्सर बसवून विसरायचे नसतात हो, त्यांच्यावर शेवाळ नि चिकट थर बसतो, वेळच्या वेळी पुसले नाहीत तर काहीही आकडे दाखवतात.

इंग्लंडमध्ये २०२३ अखेर सगळ्या ओव्हरफ्लोवर, म्हणजे ड्रेनेज भरलं की जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटांवर, मॉनिटर बसले, पण ते किती वेळा आणि किती वेळ वाहिलं एवढंच सांगतात, किती पाणी आणि त्यात काय ते नाही. आपण दोन्ही मोजावं, कारण नदीवर किती भार पडला हे प्रदूषकाचं प्रमाण आणि प्रवाह दोन्ही माहीत असल्याशिवाय निघत नाही.

आपल्या पेपरला एकच विनंती, पुढच्या वेळी असे आकडे छापाल तेव्हा शेजारी नमुन्याची तारीख, वेळ आणि त्याआधी पाऊस कधी पडला होता तेही छापा.

आपली,
एक नियमित वाचक