रविवारच्या बैठकीचं, सगळ्यांनी वाचा रे

मंडळी, या रविवारी संध्याकाळी 5 ला माझ्याकडे, कोथरूडला, गच्चीवर. पाऊस आला तर खाली हॉलमध्ये. आणि 5 म्हणजे 5, मागच्या वेळी साडेसहापर्यंत वायरींचा गुंताच सोडवत बसलो होतो.

यावेळी चरणजित सिंग ऐकायचेत. मुंबईचे सेशन म्युझिशियन, हिंदी सिनेमात वाजवायचे, आणि 1982 ला त्यांनी रोलंड कंपनीची टीबी-303 (बेस सिंथ), टीआर-808 (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-8 (सिंथेसायझर) घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर चक्क 10 राग वाजवले, शिकागोत अ‍ॅसिड हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) सुरू व्हायच्या आधी! तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, 2010 ला रेकॉर्ड परत निघाली तेव्हा बाहेरचे लोक वेडे झाले. मला त्यातला ललित भारी वाटतो, कुणाला रिंगटोन वाटला तर तोंडावर सांगा.

- मत द्या पण गाणं संपल्यावर. नुसतं "बकवास" म्हणून उठायचं नाही, काय खटकलं ते बोला.
- सिंथ आणणाऱ्यांनी आपापला अडॅप्टर आणा, त्यावर नाव चिकटवा. सगळे 9 व्होल्टचे दिसतात पण पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी निघाली की यंत्र गेलं, मागच्या महिन्यात एकाचं डिले पेडल (आवाजाचा प्रतिध्वनी देणारं) असंच उडालं, जळका वास दोन दिवस गेला नाही.
- कॉमेडी व्हिडिओ शेवटी खाताना, माणशी एक, 2 मिनिटांच्या आत. मांजर कीबोर्डवर चालते तो आता पुरे, तीनदा झालाय (दोनदा मीच लावला, मान्य).

येणाऱ्यांनी शनिवारी दुपारपर्यंत अंगठा द्या, मिसळीचा आकडा सांगायचाय.