जुनी रिव्हॉल्व्हर आणि घरची कानस

महोदय,

आजोबांची बर्मिंगहॅमची वेब्ली रिव्हॉल्व्हर आमच्याकडे परवान्यावर आहे. घोडा मागे ओढला की गोळ्यांची चक्री पुरती फिरत नाही, अंगठ्याने जराशी ढकलावी लागते. चक्रीचे मागचे दाते झिजलेत. ‘घरीच कानस मार, होईल’ असं चौघांनी सांगितलं. पण गोळीचं घर आणि नळी एका रेषेत यायला केसभर जरी चुकली, तर शिशाचे कण उडून शेजारच्याचा डोळा जाऊ शकतो. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो; कलम ४५मधली जुन्या हत्यारांची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारालाच आहे. मात्र परवानाधारक कारागीर शोधूनही सापडत नाही. आजोबांची वस्तू मोडीत घालवत नाही. अशा कारागिरांची यादी शासनाने प्रत्येक पोलीस ठाण्यात लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा