निर्देशांक फक्त खासदारांनाच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या अंकात खासदारांच्या पगारवाढीची बातमी वाचली आणि दिवसभर दुसरे काही सुचले नाही. पगार एक लाखावरून 1,24,000. माजी खासदारांची पेन्शन 25,000 वरून 31,000. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ सदस्य राहिलेल्यांना वरच्या प्रत्येक वर्षामागे 2,000 ऐवजी 2,500. आणि हे सगळे 1 एप्रिल 2023 पासून, म्हणजे दोन वर्षांच्या थकबाकीसकट!

मी ईपीएस 95 चा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या कामगारांसाठीच्या 1995 च्या पेन्शन योजनेचा पेन्शनर आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 33 वर्षे लेथवर उभा राहिलो, 2013 मध्ये रिटायर झालो. मला दरमहा 2,186 रुपये मिळतात. पहिल्या महिन्यात तेवढेच आले होते, या महिन्यातही तेवढेच आले. बारा वर्षांत त्यात एक रुपया वाढला नाही.

पूर्वी पगार वाढवायचा तर निदान सभागृहात विधेयक आणावे लागे, चार लोकांना कळे, ओरड होई. 2018 च्या वित्त कायद्याने तीही कटकट संपवली. आता दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे पगार आपोआप वाढतो. मला या नियमाचा राग नाही. उलट, ज्याला घ्यायचे त्यानेच किती घ्यायचे ते ठरवण्यापेक्षा हा नियम बरा, असे माझे प्रामाणिक मत आहे. राग याचा आहे की महागाई वाढते हे त्यांना स्वतःपुरते इतके नेमके कळते आणि आमच्यापुरते अजिबात कळत नाही. आमची किमान पेन्शन 1 सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे. तिला निर्देशांक नाही, महागाई भत्ता नाही, काही नाही. राज्यसभेच्याच याचिका समितीने 2013 मध्ये ती किमान 3,000 करा म्हणून शिफारस केली होती. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झालेले. संसदेच्याच समितीचा अहवाल ज्यांनी बाजूला ठेवला, ते कोणाचे ऐकणार?

आमदारांचे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट 2016 मध्ये पावसाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी चर्चेविना विधेयक मंजूर झाले, पगार दुपटीहून वर गेले, माजी आमदारांची पेन्शन 40,000 ची 50,000 झाली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एक होते. पंजाबने 2022 मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा केला, म्हणजे कितीही वेळा निवडून आला तरी पेन्शन एकच. आपल्याकडे तो विषय कोणी काढत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगतो. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू होते. आम्ही म्हातारे यशवंत स्टेडियमवर जमलो आणि मोर्चाने निघालो. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला बॅरिकेड लागले, सगळ्यांना तिथेच रस्त्यावर बसवले. पाच जणांना निवेदन द्यायला आत नेले, त्यात मी होतो. ज्यांनी निवेदन घेतले त्यांनी पहिले पान उलटून पाहिले आणि म्हणाले, ‘काका, हा केंद्राचा विषय आहे.’ चहा घ्या म्हणाले. आम्ही घेतला नाही.

परत आलो तर माझ्याच कारखान्यात हेल्पर असलेला सोबती फुटपाथवर पाय पसरून बसला होता. त्याने दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले बँकेचे पासबुक काढले आणि माझ्यापुढे धरले. पानभर एकाखाली एक 1,000, 1,000, 1,000. मधेमधे काढलेले पैसे. आणि पुन्हा 1,000. ‘पाह्य न भाऊ, आकडा हालतच नाई,’ म्हणाला. त्याने सत्तावीस वर्षे फर्नेससमोर घाम गाळला आहे. एक टर्म खासदार राहिलेल्याला आता 31,000 मिळणार. यात काय न्याय आहे ते मला कोणीतरी समजावून सांगावे.

आणि ही भीक नाही. 2001 पासून माझ्या नावाने दरमहा 541 रुपये पेन्शन फंडात जात होते. ते माझ्या कामाचे पैसे होते.

संपादक महोदय, एक तक्रार तुमच्याबद्दलही आहे, राग मानू नका. त्या मोर्चाची बातमी दुसऱ्या दिवशी तुमच्या अंकात आली ती अशी, ‘मोर्चामुळे बर्डीत वाहतुकीचा खोळंबा’. फोटोत अडकलेल्या गाड्या होत्या. आम्ही कशासाठी आलो होतो, पेन्शन किती, मागणी किती, यातले एक अक्षर नव्हते. सत्तरीतली माणसे सकाळपासून उन्हात बसली होती, त्यांच्यापेक्षा अर्धा तास थांबलेली गाडी मोठी कशी झाली? खासदारांच्या वाढीला तुम्ही पहिल्या पानावर चौकट दिली, सगळे आकडे नीट दिले. तशीच एक चौकट आमच्या आकड्यांनाही द्या.

आमची जुनी मागणी 7,500 रुपये आणि महागाई भत्ता ही आहे आणि ती मी सोडलेली नाही. पण ती मान्य होईपर्यंत निदान एक गोष्ट उद्यापासून करता येईल. खासदारांना जी 24 टक्के वाढ दिली, तीच त्याच तारखेपासून ईपीएस पेन्शनरांना द्या. माझ्या सोबत्याच्या हजाराचे बाराशे चाळीस होतील. वरच्या दोनशे चाळीसमध्ये त्याच्या बीपीच्या गोळ्या येतील. त्या सध्या तो एक दिवसाआड घेतो.

आपला,
एक ईपीएस 95 पेन्शनर,
हिंगणा रोड, नागपूर
26 मार्च 2025