ह्यो किती बोलूलालाय!

नळदुर्ग,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय दिगू,

तुझा तो पावणेपाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी दुकानात गिऱ्हाईक समोर असताना लावला, ही माझी चूक. पहिल्याच वाक्यात तू मला जी शिवी हासडलीस, ती ऐकून त्या माणसानं हातातलं वायरचं बंडल खाली ठेवलं. म्हणून उत्तर बोलून नाही, लिहून देतोय. शिवाय तुझा आरोपही साधा नाही. टीव्हीवर प्रवासाचे कार्यक्रम करणारा तो इंग्रज मायकल पॅलिन हा गुळगुळीत माणूस, आणि मीही तसाच गुळगुळीत, म्हणून मला तो आवडतो म्हणे! लेका, तीस वर्षांच्या ओळखीवर हे?

आमच्या घरी हे कार्यक्रम कसे बघतात ते आधी ऐक. नऊला दुकान बंद करून येतो, जेवणं होतात, मग भाचा मोबाइल टीव्हीला जोडून देतो. आई खाली शेंगा फोडत बसलेली. तिला इंग्रजीचा गंध नाही. मी अधूनमधून सांगतो, पण तिला ते नकोच असतं. "तू गप. दिसतंय की मला," म्हणते. आणि तिला खरंच दिसतं. निवेदकाचे शब्द कळत नसले की उरतं काय, तर तो कुठं बसतो, समोरचा बोलत असताना कुठं बघतो, ताट हातात देणाऱ्या बाईकडं मान वर करतो की थेट ताटातच डोकं घालतो. या बाबतीत हल्ली मला आईचं मत तुझ्या-माझ्या मतापेक्षा जड वाटायला लागलंय.

पॅलिनची १९८९ची ती मालिका तिनं अशीच पाहिली. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा, विमानात पाय ठेवायचा नाही. दुबईहून मुंबईला यायला त्याला एक गलबत मिळतं. गुजराती खलाशी, उघडा डेक, पाण्याच्या मर्जीनं चाललेला आठवडाभराचा प्रवास. मध्येच पॅलिनचं पोट बिघडतं. तो काही सांगायच्या आत आई म्हणाली, "ह्याच्या पोटात कळ मारूलालीय. कुणी ओवा द्या की त्याला." पुढं तो एका खलाशाच्या कानाला आपला वॉकमन लावतो, त्यात अमेरिकन गायक स्प्रिंगस्टीन वाजतोय, आणि त्या खलाशाच्या चेहऱ्याकडं बघत राहतो. आई हसून हसून डोळे पुसायला पदर शोधायला लागली. एक शब्द कळला नव्हता तिला.

तुझं म्हणणं मी उडवून लावत नाही. तो कुणाला टोचणारा प्रश्न विचारत नाही, जिथं जाईल तिथं सगळे भलेच भेटतात, आवाज कधी चढत नाही. यातलं अर्धं खरं आहे. मलाही सलग तीन भाग पाहिले की पुरणपोळीवर पुरणपोळी खाल्ल्यासारखं होतं. मधे एखादी मिरची हवी, आणि ती मिरची म्हणून तू अमेरिकेचा अँथनी बोर्डेन पुढं करतोस, खाण्याच्या निमित्तानं जग फिरणारा. मान्य. तो मुळात स्वयंपाकी, वर्षानुवर्षं भट्टीसमोर घाम गाळलेला, त्यामुळं भट्टीजवळच्या माणसाशी तो पाहुण्यासारखा बोलत नाही, पाळीवरच्या जोडीदारासारखा बोलतो. २०१६ मध्ये हनोईत ओबामांना घेऊन प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसला, दोघांचं मिळून सहा डॉलरचं जेवण. तो प्रसंग मलाही आवडतो. पण पुढं त्या हॉटेलवाल्यांनी ते टेबल काचेच्या पेटीत घालून ठेवलं, हे वाचलंस ना? हॉटेलातल्या त्या टेबलावर आता कुणी जेवू शकत नाही! यात बोर्डेनचा दोष नाही, मला माहीत आहे. तरी सांगतोय.

मायकल पोर्टिलोचं मात्र आमच्याकडं हसं झालं. एके काळी ब्रिटनचा मंत्री होता, आता हातात जुनं ब्रॅडशॉचं रेल्वे-मार्गदर्शक घेऊन आगगाड्यांतून फिरतो. २०१८ मध्ये भारतातही फिरला, १९१३ची आवृत्ती घेऊन. अंगात गुलाबी नाहीतर पोपटी कोट, खाली भलत्याच रंगाची विजार. आईनं एकदाच बघून विचारलं, "वासुदेव हाय का ह्यो?" भाच्याला तो आवडतो, मला दर वेळी स्टेशन विसरायला होतं आणि विजार लक्षात राहते. पण मग आईच म्हणाली, की वासुदेवाची मोरपिसाची टोपी बघूनच आम्ही पोरं दारात पळत यायचो, टोपीशिवाय आला असता तर कोण आलं असतं? तिथं माझी बोलती बंद.

खरं तर ही सगळी भांडणं आपल्याकडं जुनीच आहेत. सप्ताहात कीर्तन संपल्यावर पंगतीला बसलेली माणसं आठव. बुवांचा पाय अजून गावाबाहेर पडलेला नसायचा, आणि आमटी वाढणारे न्यायनिवाडा करायचे. अमक्या बुवांचा गळा गोड, पण अभंग सोडून स्वतःच्या नव्या गाडीचंच सांगत बसले. तमके हसवतात, पण घरी गेल्यावर ध्यानात काय राहिलं? तुझे आजोबा तर एका बुवांबद्दल म्हणाले होते, "इठ्ठल दिसंना, नुसता ह्योच दिसूलालाय." पॅलिन, बोर्डेन, पोर्टिलो यांच्यावर इंग्लंड-अमेरिकेत लोक जे काही म्हणत असतील, ते आजोबांनी आमटीच्या बादलीशेजारी म्हणून ठेवलंय.

आणि दूरदर्शनवरचं 'सुरभि' आठवतं का? तुमच्याच घरी बघायचो आपण. सिद्धार्थ काक यांचे कुर्ते, रेणुका शहाणेंचं हसू. तुझी आई म्हणायची, पोरगी गुणाची आहे, आणि आपली मराठी आहे. तू मात्र चिडायचास, इतकं काय हसायचं म्हणून. आठवड्याच्या प्रश्नाचं उत्तर पाठवायला देशभरातून एवढी पत्रं जायची की टपाल खात्यानं स्पर्धांसाठी वेगळं दोन रुपयांचं कार्ड काढलं. साधं कार्ड पंधरा पैशांना मिळत होतं तेव्हा! आपण दोघांनी एकेक रुपया काढून ते कार्ड घेतलं होतं. त्यावर माझं नाव वर आणि तुझं खाली, म्हणून तू माझ्याशी चार दिवस अबोला धरला होतास. बक्षीस लागलं नाही ते बरंच झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. ती तुला फोनवर सांगायची टाळत होतो.

मागच्या पावसाळ्यात एका हिंदी वाहिनीचे लोक आपल्या किल्ल्यावर आले होते. पाणी महालाचं चित्रण करायचं होतं. त्यांचं जनरेटर बंद पडलं, म्हणून मला बोलावणं आलं, आणि मी दिवसभर तिथंच राहिलो. तुला माहीतच आहे, बोरीला पाणी चढलं की बंधाऱ्यावरून नर आणि मादी दोन्ही धबधबे पडतात, आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या महालात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा. आत उभा असलेला माणूस कोरडा. १६१३ चं, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं काम. निवेदक तिशीतला, लाल शर्ट, केस बसवलेले. त्यानं पायऱ्या उतरून यायचं, पडद्यापाशी थबकायचं आणि "अरे वा!" करायचं. सहा वेळा उतरला बिचारा. सहाही वेळा थबकला. सहाव्यांदा तर मलाही वाटलं, आत्ताच बघतोय हा. मग कॅमेऱ्याला म्हणाला, की इथं फारसं कुणी येतच नाही. दिगू, रविवार होता! त्याच्या मागं दोरी लावून निदान दोनशे माणसं अडवलेली. त्यातला एक सोलापूरचा गडी ओरडला, "मग आमी कोण?" ते कापलं असणार.

मी मनात त्याला शंभर नावं ठेवली. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथं १८५३ ते १८५७ राहिला, जिल्ह्याचा कारभार बघितला, मग लिहिलं. आणि हे चार तासांत गुंडाळणार, असं काहीबाही.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. जनरेटरची वायर आवरताना बघतो तर हा पठ्ठ्या दरवाज्यापाशी कणसं भाजणाऱ्या मावशींच्या शेजारी पोत्यावर बसलेला. कॅमेरा नाही, माइक नाही. मावशी सांगत होत्या आणि तो ऐकत होता. त्यांचा नवरा बंधाऱ्याच्या डागडुजीवर कामाला होता ती हकीकत, गुडघ्याचं दुखणं, पाणी कमी पडतं त्या वर्षी धंदा कसा बसतो ते. वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये तो उठून विस्तवाला वारा घालायला लागला. केस पार विस्कटले होते. सकाळपासून जे सहा वेळा केलं त्यातलं काहीही त्याच्या तोंडावर नव्हतं.

भाग लागला तेव्हा आम्ही मावशींना दुकानात बोलावलं, मोठा टीव्ही लावला. पायऱ्या, थबकणं, "अरे वा", वरून उडणाऱ्या कॅमेऱ्यानं काढलेला धबधबा, बासरी. मावशी तीन सेकंद दिसल्या. हसताना. त्यांनी शेवटपर्यंत वाट बघितली आणि विचारलं, "म्या बोललेलं कुठाय?"

त्या रात्रीपासून मला नावं ठेवताना अडखळायला होतं. त्या पोराची 'शैली' म्हणून मी ज्याला हसत होतो, ती त्याची किती आणि कापणाऱ्याची, वेळ विकणाऱ्याची किती? कणसाशेजारचा माणूस तर मला चांगलाच पॅलिन वाटला होता. फरक इतकाच दिसतो की पॅलिनच्या बाबतीत ती वीस मिनिटं टाकून दिली नाहीत. आता हे बघ, त्या मालिकेत ऐंशी दिवसांची घाई आहे, रोजचा हिशोब चाललाय, आणि तरी त्यांनी एक अख्खा भाग जवळजवळ त्या गलबतालाच देऊन टाकला. जिथं काहीच घडत नाही. पोट बिघडतं, भात शिजतो, वॉकमन फिरतो. तू ज्याला गुळगुळीतपणा म्हणतोस तो तिथं मला दिसत नाही. तिथं मला वेळ दिसतो. तुझ्या बोर्डेनकडंही तो आहे, त्याच्या जिभेच्या धारेमुळं तुझं तिकडं लक्ष जात नसेल एवढंच.

अजून एक. २००८ मध्ये पॅलिन वीस वर्षांनी ते खलाशी शोधायला परत आला, कच्छात मांडवीला. आणि त्यातले काही भेटले त्याला. हे मी मावशींना सांगायला नको होतं. आता दर रविवारी विचारतात, तो लाल शर्टवाला कधी येणार म्हणून. मी वाहिनीच्या पत्त्यावर मेल टाकलंय, त्या पंचवीस मिनिटांचं काही नाही, तर निदान एक फोटो तरी पाठवा असं. उत्तर आलेलं नाही. मेलला दोन रुपयेही लागत नाहीत, त्यामुळं तक्रार तरी काय करणार.

तू श्रावणात येतोयस असं वहिनी म्हणाल्या. पुण्याहून सोलापूरपर्यंत रेल्वेनं ये, पुढं एस.टी. आहेच, गाडी चालवत येऊ नकोस, तुझी कंबर ठीक नाही. बोरी भरली असेल तर रविवार सोडून जाऊ किल्ल्यावर. आणि येताना तुझ्या त्या बोर्डेनचे दोन-तीन भाग पेनड्राइव्हवर घेऊन ये. त्याचं मी तुला एवढं सांगतोय, पण आईनं त्याला अजून बघितलेलंच नाही. तू शेजारी बसायचं, पण भाषांतर करायचं नाही. शेंगा तयार ठेवतो.

तुझा,
बंडू