ठाणे स्टेशनवरच्या त्या अनोळखी माणसांचे मनापासून आभार

मैत्रिणीची कंबर बरेच दिवस दुखत होती, पण त्या संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या जिन्यावर तिच्या पायांतलं बळच गेलं. दोघा हमालांनी तिला अलगद उचलून बाकावर आडवं केलं. गर्दीतल्या एक ताई, बहुधा नर्स असाव्यात, तिच्या कानाशी वाकल्या. "लघवी होतेय का गं? बसायच्या जागी बधिर वाटतंय?" सकाळपासून झालीच नव्हती. ताई मला म्हणाल्या, "घरी नेऊ नका. एमआरआय होईल अशा हॉस्पिटलात आत्ताच्या आत्ता न्या."

मणक्यातली गादी सरकून कण्याच्या तळाच्या नसांचा गुच्छ दाबला गेला होता. कॉडा इक्विना म्हणतात त्याला. दाब काढायला उशीर झाला, तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

घोडबंदर रोडवर एकेक खड्डा चुकवत नेणारे रिक्षावाले काका, तुम्ही भाडंही न घेता निघून गेलात. ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या हातात गरम चहा देणाऱ्या मावशी, तुमचेही फार उपकार.

आता कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघालाय, ती काठी घेऊन चालतेय. डाव्या पावलाला अजून पुरती जाण नाही, फिजिओथेरपी सुरू आहे. ताई, हे वाचलंत तर जरूर कळवा. तिला तुम्हाला भेटायचंय.